हिवरडे बुद्रुक, किनारा गट

हॉकी लीगने गटांची फेररचना केली, आमचा संघ पठार गटातून किनारा गटात टाकला, आणि मंगळवारी सकाळी समुद्र आला.

तो गायरानात थांबला. खासगी जमिनीत शिरला नाही. कुणाचा बांध कोरला नाही. एवढं वळण माणसांनाही नसतं.

आमचं गाव हिवरडे बुद्रुक. कोकण इथून घाटापलीकडे, एसटीने दिवसभराच्या वाटेवर. गावाशेजारी ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे हिवरडे खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. खुर्दवाल्यांना हे पटत नाही, पण त्यांच्या नावातच ते लिहिलेलं आहे. दोन्ही गावांचे संघ लीगमध्ये खेळतात. फेररचनेत खुर्द पठार गटात राहिलं, आम्ही किनाऱ्याला गेलो.

माझी बायको हौसा शेण गोळा करायला गायरानात गेली होती. ती रिकामी पाटी घेऊन परत आली.

"अवं, गायरानात पाणी आलंय."

"कॅनॉल सुटला असंल."

"कॅनॉलला लाटा असत्यात व्हय?"

मी जाऊन बघितलं. लाटा होत्या. शेळ्यांनी पाण्याला तोंड लावून बघितलं होतं आणि त्या लांब जाऊन नाक फेंदारून उभ्या होत्या. मी घरी आलो, भाकरी खाल्ली आणि मंडळाची बैठक बोलावली.

हिवरडे बुद्रुक हॉकी समर्थक मंडळाचा मी अध्यक्ष आहे. निवडणूक होत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये सगळे जमले. सेक्रेटरी विलास गोडसे याने लीगचा निर्णय वाचून दाखवला. पठारात संघ जास्त झाले होते, किनाऱ्यात कमी पडले होते, म्हणून एक संघ खाली सरकवला होता.

"आपलाच का?" मी विचारलं.

"आपण खालून पहिले होतो, आबा."

"नकाशात खालून का गुणात?"

विलासने कागदाची घडी घातली.

हलगीवाला गणपा साळी उठला. त्याच्या हातात हलगी होती. त्याने तिच्यावर टिपरी मारली. ढप्प असा आवाज आला.

"सर्दावली," गणपा म्हणाला. "सकाळधरनं शेकतोय. जाळावर धरली की कडकडती, लाट आली की ढप्प. ह्या हवेत हलगी वाजायची न्हाई. किनाऱ्याची माणसं वाजवत्यात तरी काय?"

कुणाला माहीत नव्हतं. विलासने लिहून घेतलं.

मग रंगाचा विषय निघाला. किनारा गटाचा रंग निळा, आमचा तांबडा. तांबडाच राहील, असं मी सांगितलं. तो विषय संपला. मग घोषणेचा. आमची घोषणा होती, 'ओढा ओलांडू, खुर्दला लोळवू'. आता ओढा ओलांडून उपयोग नव्हता. कुणीतरी 'समुद्र ओलांडू' असं सुचवलं. पोहता कुणाला येतं, असं मी विचारलं. एकही हात वर झाला नाही. घोषणा तहकूब ठेवली.

"परगावच्या सामन्याला जायचं कसं?" गणपाने विचारलं.

"लीग होडी देणार हाय," विलास म्हणाला.

"होडी घाट चढंल?"

"समुद्र चढला की."

गणपा खाली बसला.

पोरांना मात्र आनंद झाला होता. बुधवारी भेळेच्या दोन गाड्या आल्या. एक घोडागाडीवाला आला, घोड्याच्या डोक्यावर तुरा. कुठून आला विचारलं तर म्हणाला, समुद्र जाईल तिकडं जावं लागतं, मालक. म्हाताऱ्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून एकमेकींना ओरडत होत्या. लाट आली की ओरडायच्या, लाट गेली की लाट गेली म्हणून ओरडायच्या. गावात मीठ विकत घ्यायचं बंद झालं. पुजाऱ्याने समुद्राला नारळ दिला. समुद्राने तो संध्याकाळी परत आणून ठेवला, तेव्हा पुजाऱ्याने तो घरी नेला.

गाव खुशीत होतं. मी नव्हतो. गट वेगळे झाले म्हणजे खुर्दशी सामना गेला, आणि तो सामना गेला की माझी मान गेली.

हे नीट सांगायला हवं. माझी एकुलती मुलगी शेवंता खुर्दला दिली आहे. केरबा ढवण माझा व्याही. मुलीच्या बापाने कसं वागायचं, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. व्याही दारात आला की उठायचं. पाट त्याचा, पहिली वाढणी त्याची. तो म्हणाला आज पाऊस पडेल, तर आज पाऊस पडेल. मी जन्मात कुणापुढे वाकलो नाही. सरपंचापुढे नाही, फौजदारापुढे नाही. केरबापुढे वाकतो, कारण माझी पोर त्याच्या घरात नांदते.

म्हणून सुपारी फुटली त्या बैठकीत मी एकच अट घातली. मानपान तुम्ही म्हणाल तसा, पण बुद्रुक-खुर्द सामना सुरू झाला की पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत मी मुलीचा बाप नाही. मी बुद्रुकचा. तोंडाला येईल ते बोलेन. त्याचा राग घरात न्यायचा नाही आणि पोरीवर काढायचा नाही. केरबाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग मी बी बोलणार." पान-सुपारी वाटली गेली.

तेव्हापासून मी वाकत आलो, कारण सामना येणार हे ठाऊक होतं. नांगरताना, धार काढताना मी शिव्या जमवायचो. आईबहिणीवरच्या नाहीत. त्या कुणालाही येतात. गेल्या साली मी केरबाला 'मोड न आलेली मटकी' म्हणालो होतो. त्या एका बोलावर माझं वर्ष गेलं.

बुधवारी दुपारी केरबा समुद्र बघायला आला. मी उठलो. हौसाने पाट मांडला.

"ह्यो समुद्र म्हणायचा?" केरबा म्हणाला. "बारकाच हाय."

"व्हय, अण्णा."

"वास मारतोय."

"व्हय, अण्णा."

चहा आला. त्याने घोट घेतला.

"मीठ पडलंय ह्यात."

"न्हाई, अण्णा."

"पडलंय."

"व्हय, अण्णा."

त्याने बशी पुसून ठेवली आणि मिशीवरून हात फिरवला. "यंदा सामना न्हाई म्हणं आपला."

"न्हाई म्हणत्यात."

"बरंच झालं. आता वर्सभर गोडीगुलाबी. काय व्याही?"

मी त्याच्याकडे बघितलं. यंदाच्या सामन्यासाठी माझ्याजवळ एक शिवी तयार होती. 'कुळव मारलेल्या तोंडाच्या.' ती माझ्या जिभेवर येऊन बसली. मी ती गिळली. घशाखाली जाताना ती टोचली.

"व्हय, अण्णा," मी म्हणालो.

गुरुवारी लीगचे कुलथे साहेब समुद्राची तपासणी करायला आले. ते शांत गृहस्थ होते. चप्पल काढून ते पाण्यात गेले, बोट बुडवलं, चाखलं, आणि विलासला म्हणाले, "खारट. बरोबर आहे." एक शिंपला त्यांनी उलटा करून बघितला आणि जागेवर ठेवला.

मी त्यांना शेडमध्ये बसवलं.

"साहेब, एवढा समुद्र आणण्यापेक्षा गटाचं नाव बदलायचं होतं."

"नाव बदलायला सर्वसाधारण सभा लागते," कुलथे म्हणाले. "समुद्र हलवायला अध्यक्षांची सही पुरते."

"आमचा खुर्दशी सामना पाहिजे."

"गट वेगळे आहेत. मैत्रीपूर्ण सामना लावता येईल."

"मैत्रीपूर्ण सामन्यात शिव्या चालत्यात?"

त्यांनी खिशातली नियमावली काढली, पान शोधलं आणि मान हलवली. "मैत्री बाधित होईल असं वर्तन नको, असं लिहिलंय."

"मग उपयोग न्हाई."

"एक वाट आहे," ते म्हणाले. "लीगचा विस्तार होऊ घातलाय. किनारा गटात अजून एका संघाची जागा आहे. खुर्द तिथं आलं तर सामना आपोआप लागेल. पण किनाऱ्याचा म्हणून संघ मोजायचा तर तो भरतीत पाय रोवून उभा राहणारा पाहिजे. आणि आपण होऊन. आम्ही कुणाला ओढत नाही."

यातलं पहिलं मला समजलं. शेवटचं वाक्य मी सोडून दिलं, कारण साहेब लोक शेवटी काहीतरी म्हणतातच. खुर्द आपण होऊन किनाऱ्याला येणार नाही, हे मला माहीत होतं. केरबा खुर्दच्या समर्थक मंडळाचा अध्यक्ष आहे. तो माझ्या जिभेवर पाय देऊन ठेवण्यात खूश होता.

जाताना कुलथे साहेबांनी आमच्या फळ्यावर खडूने सूचना लिहिली. अक्षर चांगलं होतं.

'शुक्रवारी सकाळी बुद्रुक गायरानात मोठी भरती. संबंधितांनी नोंद घ्यावी.'

मी ती वाचली. मला वाचता येतं. आमच्या बाजूला भरती म्हणजे पोरांची भरती. पोलिसात, सैन्यात, राखीव दलात. दुसरी भरती आमच्याकडे कधी झालीच नव्हती. आणि ही तर मोठी होती.

माझा जावई बबन खुर्दचा गोली आहे. हाडापेराने चांगला, पण तीन भरत्या हुकलेल्या. वय उलटत चाललेलं. मी मुलीचा बाप. असली बातमी लपवून ठेवणं सोयरिकीला शोभत नाही. मी विलासच्या फोनवरून शेवंताला कळवलं. शेवंताने बबनला सांगितलं. बबनने संघातल्या सगळ्यांना सांगितलं, कारण खुर्दचा संघ म्हणजे भरतीत हुकलेली पोरंच आहेत.

शुक्रवारी उजाडायला गायरानात रांगा लागल्या. खुर्दचा आख्खा संघ, राखीव खेळाडू धरून. अंगात बनियन, पायात बूट, हातात दाखल्यांच्या फायली. दहावीचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, फोटो. बबन सगळ्यात पुढे. वाळूत ओळीने उभे राहून ते वाट बघू लागले. समोर समुद्र होता, त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

समुद्र पुढे आला.

पाणी बुटात गेलं. कुणी हललं नाही. भरतीत रांग सोडली की माणूस बाद होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाणी गुडघ्याला आलं, तेव्हा मागचा एक जण म्हणाला, "ही नवीन चाचणी दिसतीया."

"गप्प उभा ऱ्हा," बबन म्हणाला. "बघत असत्यात."

पाणी कमरेला आलं. फायली डोक्यावर गेल्या. आमचं गाव काठावर जमलं होतं. गणपाची हलगी वाजत नव्हती, म्हणून लोक टाळ्या वाजवत होते. पाणी छातीला लागलं, तेव्हा सगळ्या पोरांनी एकदम छाती फुगवली आणि तशीच धरून ठेवली. घोडागाडीवाल्याने टोपी काढली. असली भरती मी आयुष्यात बघितली नव्हती. हसावं का सलाम करावा, गावाला कळेना. गावाने दोन्ही केलं.

पाणी मानेशी थांबलं, थोडं रेंगाळलं आणि परत फिरलं. सगळे जागेवर होते. एकाचा बूट गेला होता.

कुलथे साहेब छत्री घेऊन काठावर उभे होते. ते पाण्यात उतरले आणि बबनशी हात मिळवला.

"अभिनंदन. सगळे भरतीत टिकले."

बबनचे डोळे भरून आले. "कुठं पोस्टिंग, साहेब?"

"किनारा गट," कुलथे म्हणाले.

शनिवारी सकाळी समुद्र ओढ्यावरून पलीकडे सरकला आणि खुर्दच्या गायरानातही लागला.

केरबा त्या दिवशी चप्पल न घालता आला. मी उठलो.

"म्हादबा! माझ्या पोराला पाण्यात उभा केलास!"

"मला वाटलं पोलिसाची हाय, अण्णा."

"माझ्या दारात खेकडा आलाय!"

"व्हय, अण्णा."

"व्हय म्हणू नगंस! सामना लागला म्हणून मनातनं नाचतोयस तू. पण मी सांगतो. ती अट पठारात ठरली होती. किनाऱ्याला ती लागू न्हाई. सामन्यात एक शब्द काढलास, तर शेवंता दिवाळीला माहेरी येणार न्हाई. ह्या न्हाई, फुडल्या बी न्हाई."

शिवी द्यायला मिळावी म्हणून मी पोर पणाला लावून बसलो होतो. मी हात जोडले. केरबाला ते आवडलं असावं, पण ते त्याला नीट उपभोगता येईना. त्याने तोंड फिरवलं.

त्याच्यामागोमाग शेवंता आली होती, लुगड्याचा काठ ओला. ती आपल्या सासऱ्यापुढे कधी मोठ्याने बोललेली नाही. तेव्हाही मोठ्याने बोलली नाही.

"मामंजी, सुपारी फुटली तवा मी दाराआड हुते. पठार असं कुणी म्हनलं न्हवतं. सामना म्हनलं हुतं."

केरबाने पायाची वाळू झटकली.

"शब्द तुमीच दिला हुता," शेवंता म्हणाली. "खुर्दचा शब्द हाय त्यो. का बुद्रुकवाल्यांनी म्हनावं, धाकट्या गावाचा शब्द बी धाकटा?"

केरबा लाल झाला, मग काळा झाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सामन्यात भेटू," आणि अनवाणीच निघून गेला. शेवंता पदराआड हसत त्याच्यामागे गेली.

सामना रविवारी झाला. मैदान दोन्ही गावांच्या मध्ये, जिथे आधी ओढा होता तिथल्या वाळूत आखलं होतं. एका बाजूला आमची माणसं तांबड्यात, दुसऱ्या बाजूला खुर्दची पिवळ्यात. निळं कुणीच घातलं नव्हतं. फक्त समुद्र निळा होता. गणपाने हलगी घरी ठेवून पत्र्याचा डबा आणला होता. पंच होते भिंगारदिवे. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि शिट्टी वाजवली.

मी उठलो. पण या उठण्यात वाकणं नव्हतं.

"ए कुळव मारलेल्या तोंडाच्या!" मी ओरडलो.

मैदानापलीकडून केरबाने दोन्ही हात तोंडाशी धरले. "बोल, बिनबियांच्या शेवग्या! बोल, तेवढीच शेंग हलंल!"

बुद्रुक हसलं. माझ्या गावाने मला हसलेलं मी खपवून घेत नाही, पण शिवी चांगली होती. मला ती आवडली. मी दुसरी काढली. "उलट्या परातीतल्या पिठल्या!" त्याने परतवली. "भोक नसलेल्या पिपाणी!" मी म्हणालो, "सासऱ्याच्या लग्नातल्या वाजंत्र्या!" यात काही अर्थ नव्हता, पण जोर होता. दोन्हीकडचे लोक खेळ सोडून आमच्याकडे बघू लागले. चेंडू लाटेवर बसून मैदानात यायचा, पोरं स्टिका घेऊन त्याच्यामागे पळायची. बबनने एक गोल अडवताना एक मासाही अडवला. दोन्ही बाजूंचे गोल सारखे होते. मला धाप लागली, डोळ्यांतून पाणी येत होतं, पोट दुखत होतं. केरबा मिशी धरून वाळूत बसला होता आणि हसता हसता पुढची शिवी शोधत होता.

खेळ संपायला आला, तेव्हा ओहोटी लागली.

पंच भिंगारदिवे कोपऱ्यात पाण्यात उभे होते, घड्याळाकडे बघत. शिट्टी त्यांच्या तोंडात होती. ओहोटीने त्यांना उचललं आणि सावकाश घेऊन निघाली. ते घाबरले नाहीत. उभेच होते, जसा माणूस फिरत्या पाळण्यात उभा असतो तसे. एकदा त्यांनी हात वर केला. कुणी म्हणतं निरोप दिला, कुणी म्हणतं पेनल्टी कॉर्नर दिला. मग ते दिसेनासे झाले.

कुलथे साहेबांनी सोमवारी खुलासा केला. भिंगारदिवे खुशाल आहेत. किनारा गटातल्या पुढच्या गावी ते पोचले, तिथे सामना सुरू व्हायचा होता, तो त्यांनी सुरू करून दिला. मग तिथली ओहोटी लागली. ते आता त्याच्याही पुढच्या गावी आहेत आणि सगळीकडे लोक त्यांना जेवू घालतात.

"पण आमच्या सामन्याचं काय?" विलासने विचारलं.

"ज्याने सुरू केला, त्यानेच संपवायचा," कुलथे म्हणाले. "शेवटची शिट्टी झालेली नाही. सामना चालू आहे."

पोरं आता जमेल तसं खेळतात. कामधंदा उरकून येतात, थोडा वेळ खेळतात, जातात. बबन गोलात असला की शेवंता त्याचा डबा तिथेच नेते. लीगने गुणतक्त्यात आमच्या दोन्ही गावांपुढे 'चालू' असं लिहिलं आहे. इतर गटांतल्या समर्थकांनी तक्रार केली की हे बरोबर नाही. लीग म्हणते, पुढच्या फेररचनेत विचार करू.

दिवाळीला केरबा आमच्या घरी आला. हौसाने पाट मांडला. मी सवयीने उठायला लागलो.

केरबाने उंबऱ्यातूनच माझ्यावर बोट रोखलं.

"खाली बस, वाळलेल्या गवारी," तो म्हणाला. "खेळ चालू हाय."

मी बसलो. तोही बसला. पहिली वाढणी कुणाला, ते हौसाला कळेना. तिने दोघांच्या ताटात एकदम वाढलं.